धूर आधी दिसतो

आम्ही घड्याळवाले आवाजावर बटण दाबत नाही,
धुरावर दाबतो.
बंदुकीचा आवाज शंभर मीटर चालत येतो,
पाव सेकंद उशिरा पोचतो,
आणि ऐंशीच्या वरच्या गटात
पाव सेकंद म्हणजे कधीकधी
सबंध वर्षाची पहाटेची उठाठेव.
परळच्या शाळेत एकतीस वर्षं पीटी शिकवली,
त्यातलं एवढंच उरलंय माझ्या अंगठ्यात.

प्रियदर्शिनी पार्क. डिसेंबर. सव्वासात.
ट्रॅकपलीकडे ओहोटीचा समुद्र, खडकांवर बगळे,
मंडपात उपमा अजून झाकलेला.
महिला, ऐंशी ते चौऱ्याऐंशी, शंभर मीटर.
माईकवर पोरगा नावं पुकारतो :
कुमुदिनी तळपदे, गिरगाव.
फिलोमिना घोन्साल्विस, गोराई.
फिलोमिना घोन्साल्विस.
फिलोमिना घोन्साल्वि—
कुणीतरी त्याच्या कानाशी लागतं.
गोराईच्या जेटीवर घसरली. खुबा. दिवाळीनंतर.

अकरा वर्षं या दोघी.
सत्तरीच्या गटात सातजणी होत्या, मग चार झाल्या,
मग ह्याच. चौथ्या लेनमध्ये फिलोमिना, पाचव्यात कुमुदबाई,
आणि निकाल ठरलेला :
कुमुदबाई अर्धं पाऊल मागे.
आम्ही म्हणायचो, पायांत कमी पडतात.

आज मी बंदूक बघायला सुरुवातीच्या रेषेपर्यंत गेलो,
तर बाईंनी कानातलं यंत्र काढून रुमालात गुंडाळलं
आणि माझ्या हातावर ठेवलं. बार झाला की शिट्टी मारतं मेलं.
मग ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही
त्यांच्यासारख्या मोठ्यानं :
"मी कधी ऐकून सुटलेच नाही हो मास्तर.
तिचं कोपर हललं की मी सुटायचे.
आता कोपर कुठून आणू?"

निनाद पागधरे, आमचा स्टार्टर, वय सव्वीस,
लाल टोपी मागे सारून जरा वेळ उभा राहिला.
मग काही न बोलता पंधरा पावलं पुढे गेला,
चौथ्या लेनच्या कडेला,
तिला दिसेल असा हात वर धरून.
नियमपुस्तक मला पाठ आहे. यावर त्यात काही नाही.

मी शंभर मीटर चालत परत आलो,
खिशात तिचे कान घेऊन.

धूर.
माझा अंगठा आणि तिचा गुडघा
एकाच क्षणाला.

पाहणाऱ्याला ते भरभर चालणं वाटेल.
वाटू दे. प्रत्येक पावलात एक क्षण
तिचे दोन्ही पाय जमिनीवर नसतात,
मी खाली वाकून पाहिलंय.
केसांना नातवाच्या बुटाची नाडी,
छातीवर नंबर, एक पिन सुटलेली, फडफडणारा,
आणि शेवटच्या रेषेवर, शेजारी कुणी नसताना,
तिनं छाती पुढे टाकली.
अर्ध्या पावलाएवढी.

चोवीस पॉइंट सात.
गेल्या वर्षी पंचवीस तीन.

बाकावर बसून आधी तिनं कान लावले, मग गोराईला फोन.
फोन स्पीकरवर, त्यामुळे सगळ्या मंडपाला.
"किती?"
"चोवीस सात."
"सुटलीस कशी?"
"धुरावर."
तिकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मागे एक कोंबडा आरवत होता.
"म्हणजे तू इतकी वर्षं माझ्याकडं बघत होतीस!
मला वाटायचं, घाबरतेस."
"घाबरत पण होते."
"बरं, वारा किती?"
कुमुदबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी मीटर वाचला : पाठीमागून, दोन पॉइंट तीन.
"मग धरत नाही!" फोन ओरडला, "दोनच्या वर धरत नाही!
बघू पुढल्या डिसेंबरात."
आणि या बाई एवढ्या हसल्या
की उपमा वाढणारा हातात डाव घेऊन थांबला.

वाऱ्याचा आकडा मी शाईनं लिहिला, तो लिहावाच लागतो.
चौथ्या लेनपुढे 'गैरहजर',
पेन्सिलीनं.