शेवटचा आकडा

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी वीज गेली,
चौदाव्या मिनिटाला आली,
आणि चाळीस वजनकाटे एकदम जागे झाले.

काटा जागा होतो तेव्हा त्याला पत्ता नसतो.
तो साऱ्या दालनाला ऐकू जाईल असं विचारतो:
मी कुठला?
आणि सोबत एक आकडा सांगतो, स्वतःच निवडलेला.
उत्तरावर हाच घाला,
म्हणजे माझं मला कळेल.

चारशे एकोणतीस कोटी आकडे मोकळे पडलेले असतात.
कुणीही कुठलाही उचलावा.
पण काटे घडवणाऱ्यानं, कुठल्याशा दूरच्या शहरात,
बहुधा घरी जायच्या घाईत,
लिहून ठेवलं होतं:
जाग आल्यापासून किती क्षण गेले ते मोज,
तोच तुझा आकडा.

चाळिसांनी एकच आकडा सांगितला.
कपाटातल्या सर्व्हरनं एकाला उत्तर दिलं,
चाळिसांनी मान डोलावली.
एका पत्त्यावर चाळीस बिऱ्हाडं.
सहा नंबरच्या टेबलावरचा कॉड एकविसाच्या नावे चढला,
एकविसाचा कुणाच्याच नाही.

सुन्नुवा समुद्राखालच्या बोगद्यातून गाडी हाकत आली,
झोपायच्या कपड्यांवर भावाचा स्वेटर.
पडद्यावर ओळी सरकत होत्या.
तोच आकडा, तोच आकडा, तोच.
शाळेत आम्ही तिघी सुन्नुवा होतो, ती पुटपुटली,
बाईंनी हाक मारली की तिघी उठायचो,
आणि मार मात्र मलाच.

तिनं घड्याळ बदलून पाहिलं. चाळीस घड्याळं बदलली,
सगळी सारखीच.
मग ती सात नंबरच्या रिकाम्या काट्यापाशी
कॉफी गार होईपर्यंत बसून राहिली.

काट्यावर काही नव्हतं.
तरी आत, पडद्यावर न दाखवलेल्या अंकांत,
शेवटचा आकडा स्थिर नव्हता.
तीन, आठ, तीन, शून्य, पाच.
बाहेरचा वारा, शीतगृहाचा पंखा,
कुठल्या पोलादाची कुठली कुरबुर.
शेजारच्या आठ नंबरचा आकडाही थरथरत होता,
पण वेगळा.

घडवणाऱ्यानं तो कापून टाकला होता,
गिऱ्हाइकाला थरथर नको असते.

पहाटे, म्हणजे अंधारातच, मुकादम यास्पुर आला.
तिनं मेन स्विच खाली ओढला, पुन्हा वर केला.
दालन काळं, मग पांढरं.
चाळीस आकडे,
एकासारखा दुसरा नाही.

काय केलंस?
काही नाही. शेवटचा आकडा टाकून द्यायचा नाही,
एवढंच सांगितलं त्यांना.

यास्पुरला पटलं नाही.
त्यानं टोपी काढून सातवर ठेवली.
एकशे बारा ग्रॅम, टेबल सात.
उचलून आठवर ठेवली.
एकशे बारा, टेबल आठ.

टोपी ओली आहे, सुन्नुवा म्हणाली,
आणि स्वेटरच्या बाहीनं काटा पुसला.