आठवी बरगडी

तीस वर्षं पोती वाहिली
वाशीच्या मसाला मार्केटात.
धणे, जिरं, गुंटूरची मिरची.
पोत्यानं काही मोडलं नाही.
मोडलं ते खोकल्यानं.

एका गोणीची शिवण उसवली,
लाल धूळ उडाली, ठसका लागला,
तो तीन आठवडे बसलाच नाही.
मग एका पहाटे, कोपरखैरण्याच्या खोलीत,
डावीकडे आत
सुपारी फुटावी तसं वाजलं.

उसण भरली असेल, सगुणा म्हणाली,
तव्यावर मीठ तापवून पुरचुंडी दिली.
मी मनात म्हणालो, काळीज.
गेल्या साली आमच्या टोळीतला केरू धनावडे
गाळ्याच्या पायरीवर बसला तो बसलाच.
हे मी तिला सांगितलं नाही.
तिनं पासबुक काढून उशाखाली ठेवलं,
तेही तिनं मला सांगितलं नाही.

दवाखान्यात यंत्रातून कागदाची पट्टी निघाली,
सुतळीसारखी लांब. हे ठीक आहे, डॉक्टरीण म्हणाली,
आणि अंगठ्यानं एकेक बरगडी दाबत आली.
इथं? इथं?
आठवीवर मी आईला हाक मारली.
फोटोत केसाएवढी रेघ.

प्लास्टर?
नाही.
पट्टा तरी आवळा.
तोही नाही. आवळलं की श्वास वरच्यावर घ्याल,
खाली कफ साचेल. तासातासाला दहा श्वास,
खोल, दुखलं तरी.
गोळी वेळेवर, कळ यायची वाट बघायची नाही.
खोकला आला की उशी कवटाळा.
ताप आला, धाप लागली, तर लगेच या.
आणि ओझं, सहा आठवडे, बंद.

सहा आठवडे!
मी बोटांवर गोण्यांचा हिशोब करू लागलो,
तर बोटंसुद्धा बरगडीला कळवत होती.

हात मोडला तर गळ्यात बांधता येतो,
पाय मोडला तर खाटेवर टाकता येतो.
हिला रजा नाही.
दिवसाला वीसेक हजार खेपा,
झोपेतसुद्धा,
आणि माथाडी बोर्डात नाव नाही.

रात्री भिंतीला टेकून बसायचो.
नातवाला ताकीद होती, आज्याला हसवायचं नाही;
तो दारातनं नुसतं तोंड वाकडं करून पळायचा.
उशी छातीशी धरून खोकायचो.
पाऊण किलोचं ओझं.
एवढं हळू मी आजवर काही उचललं नव्हतं.

दर तासाला सगुणा समोर मांडी घालून बसायची,
श्वास मोजायची, मालाची मोजणी असते तशी:
लाभ.
दोन.
तीन.
सातावर माझा दम अडकायचा,
खांदे वर यायचे, डोळ्यांत पाणी.
आठवा ती स्वतःच घ्यायची, माझ्याकडं बघत,
मोठ्यानं,
आणि आकडा माझ्या नावावर मांडायची.