नाव काढलं

मातोझिन्योशच्या बंद बँकेला नऊ पायऱ्या आहेत,
ग्रॅनाइटच्या,
आणि मधोमध एक लोखंडी कठडा.
मी तिथला रात्रीचा पहारेकरी.
पैसा केव्हाच निघून गेला होता.
राखायला उरल्या होत्या पायऱ्या.

पहिली नोंद माझ्याच अक्षरात आहे:
मुलगी एक. वय बारा असावं. चाकांची फळी. हुसकावली.
दुसरीही तीच.
तिसरीत ‘पुन्हा’ एवढंच,
आणि पुढे पानभर
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

तेल्मा किंतेला.
आई झुल्मीरा सार्डिनच्या कारखान्यात
डब्यांत मासे मांडते, डोक्याशी शेपूट, शेपटीशी डोकं.
मुलीच्या खिशात चर्चमधल्या मेणबत्त्यांची थोटकं.
मला वाटलं, देवभोळी असेल.
ती ते मेण कट्ट्याच्या कडेला घासत होती,
फळी अडू नये म्हणून.
लोकांच्या नवसांचं मेण ते.
कुणाचा गुडघा, कुणाची नोकरी,
कुणाचा परत न आलेला खलाशी,
सगळं त्या दगडात मुरलं.
मी वहीत लिहिलं: डाग.

पडायची कशी, सांगू?
आधी पोतं टाकावं तशी.
दोन वर्षांनी, आमच्या मिंदेलोच्या बंदरात
धक्क्यावर दोर फेकतात ना,
तशी. सैल, वेटोळं होत.
तरी एका रात्री मनगट मोडलंच.
रुग्णवाहिका मी बोलावली,
फळी माझ्या चौकीत राहिली सहा आठवडे.
एकदा, कुणी नसताना, मी तिच्यावर उभा राहिलो.
हे वहीत नाही.

मग बुटांचा करार आला, मग चाकांचा.
विमानाने गेली, मोठ्या हॉलमध्ये, गुण देणाऱ्यांपुढे.
अकरावी आली.
‘मुलीच्या मानाने बरं’ म्हणणारे होते,
‘मुलीला हे शोभतं का’ म्हणणारेही होते,
नावं ठेवायला माणसं कुठेही मिळतात.
ती म्हणाली, तिथल्या पायऱ्या लाकडाच्या होत्या, आर्मिंदो,
कुणी कधी त्यांवर बसून जेवलं नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी तिच्या नावाची फळी निघाली.
खालच्या अंगाला, लाल अक्षरांत
तेल्मा किंतेला,
आणि बाजूला एक सार्डिन, डोळा उघडा.
झुल्मीरा त्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली,
नाव काढलंस, पोरी.

त्याच रात्री ती कठड्यावर आली.
दुआर्त कॅमेरा घेऊन जमिनीवर पालथा.
फळी आडवी, पोटावर घसरत, नऊ पायऱ्या, खाली.
लोखंडाने आधी आडनाव खाल्लं.
तिसाव्या वेळेपर्यंत माशाचं शेपूट गेलं.
मी म्हटलं, अगं, नाव निघतंय.
ती म्हणाली, मग कशाला असतं ते?

एकसष्टाव्या वेळी जमलं,
आणि नेमकी तेव्हाच मासळीची गाडी मध्ये आली.
गाडीवर आईच्या कारखान्याचं चित्र.
ती रस्त्यात बसून इतकी हसली
की दुआर्तला वाटलं, रडते आहे.
पावणेतीनला साहेबांचा फोन: काय चाललंय?
मी म्हटलं, वरीलप्रमाणे.

शहात्तराव्या वेळी चाकं टेकली,
खट्, चारही एकदम,
आणि ती मागे न बघता उतारावरून निघून गेली,
थांबायला विसरल्यासारखी.
कोपऱ्यापलीकडून आवाज आला:
मिळालं का?

फिल्ममध्ये ते सगळं मिळून चार सेकंद आहे.
मागे काचेत टॉर्च धरलेला एक माणूस दिसतो.
टॉर्च विझवलेली आहे.

आता तिथे हॉटेल होतंय.
फळ्या घसरू नयेत म्हणून
कडांवर लोखंडी गोळे ठोकायला माणसं आली.
मुकादमाने विचारलं,
पोरं नेमकी कुठल्या कडेला येतात?
मी नीट विचार केल्यासारखं केलं
आणि दुसरीच दाखवली.