दोर

वाऱ्याचे महिने लागले की पुंता अरेनासच्या चौकांत
पालिकेची माणसं दोर बांधतात.
म्हाताऱ्या, शाळेची पोरं, कधीकधी मीही,
दोर धरून रस्ता ओलांडतो.
धरायला काहीतरी लागतंच माणसाला,
असं मी यास्नाला एकदा म्हणालो होतो, हसत.
तिच्या मनगटावर तेव्हा माझी चार बोटं होती,
निळसर, तिसऱ्या दिवसाची.

मंगळवारी सहाला, दवाखान्याच्या मागच्या खोलीत
आम्ही सातजण, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर.
सेन्योरा इल्डा म्हणते, श्वास मोजा.
पहिल्या दिवशी मी नुसत्या खिडक्या मोजल्या.
कारखान्यात दिवसभर खेकड्यांचे पाय मोजतो,
आता हे आणखी कशाला?

दुसऱ्या महिन्यात तिनं विचारलं,
बारिया, धरण्याच्या आधी काय होतं?
आधी काही नसतं. एकदम होतं.
ती वाद घालत बसली नाही.
पेन्सिल खाली ठेवली
आणि थांबली.

गॅसच्या हीटरची फुरफुर. कुणाचा तरी खोकला.
पत्र्यावर वारा.
मग दिसलं:
यास्नाचा फोन उजळतो, ती हसते, माझ्याकडे न बघता.
माझ्या कानांमागे धग. जीभ टाळ्याला चिकटलेली.
अंगठा आत वळतो,
बाकीच्या बोटांच्या कितीतरी आधी.

एवढा वेळ होता.
एक रस्ता ओलांडण्याइतका.

हे कळल्यावर बरं वाटेल, असं वाटलं होतं.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
‘एकदम झालं’ या शब्दांची
केवढी ऊब होती मला.

ती परत येईल का, मी विचारलं.
ते इथं शिकवत नाहीत, म्हणाली इल्डा,
आणि खुर्च्या एकात एक रचू लागली.

काल औषधाच्या दुकानापाशी यास्ना दिसली,
दोराच्या त्या टोकाला, टोपी दातांत धरून.
तिनं मला पाहिलं.
दोर सोडला.
वाकून, भिंतीला खांदा घासत,
वाऱ्याच्या तोंडावर उलटी चालत गेली.

दोर माझ्यापुढे रिकामा थरथरत होता.
अंगठा आत वळला.
मी बघत राहिलो त्याच्याकडे, भर चौकात, वेड्यासारखा.
एक. दोन. तीन. चार.
मागून एक म्हातारी म्हणाली, पोरा,
जायचं नसेल तर बाजूला हो.
मी बाजूला झालो.
आकडा चुकला.
एक.