मोराचा डोळा

साखर पेठ, मे महिना. पंखा आहे, वारा नाही.
राजय्या गज्जमांनी काउंटरवर ठेवला
नवा प्लेअर, वायर आणि चकचकीत एक चकती.
मुलीनं हैदराबादहून पाठवलेली, पावतीसकट.
'चित्र येतं ओ. डोळा मिटून उघडेपर्यंत जातं.'

जोडलं, काढलं, पुन्हा जोडलं.
मग सांगितलं, सगळ्यांना सांगतो तसं:
हा प्लेअर दर दोन सेकंदाला टीव्हीला विचारतो,
कोण तू, खूण सांग.
तुमचा टीव्ही जुना. त्याला ती खूण
कुणी शिकवलीच नाही. म्हणून पडदा काळा.

'म्हणजे चोर समजतो मला?'
तसं नाही, म्हटलं.
तसंच होतं.

समोरच्या टपरीवर हाच सिनेमा
पन्नास रुपयांत पेनड्राइव्हवर मिळतो,
कुठल्याही टीव्हीवर लागतो, काही न विचारता.
(टपरी माझ्या मेव्हण्याची. हे बोललो नाही.)

राजय्यांनी चहा बशीत ओतला.
'माझा एक मोर होता. अठ्ठावीसशे पुठ्ठे,
एकेक भोक हातानं पाडलेलं.
भोक तिथं सूत वर, नाही तिथं खाली.
सहा महिने गेले त्यात.
आठव्या दिवशी अशोक चौकापलीकडं
चार मागांवर तोच मोर.'

कुलूप नाही लावलं?
'लावलं की. पितळी.
मग रोज सकाळी किल्ली शोधत फिरणारा मीच.
चोराला कुलूप ठाऊकच नव्हतं,
तो बाजारातून एक चादर घ्यायचा
आणि भिंग लावून धागे मोजत बसायचा.'

पुढच्या मोराला कुलूप नाही.
डाव्या डोळ्यात एक भोक मुद्दाम चुकवलं,
तांबड्यात एकच पांढरा टाका.
उचलणाऱ्यांनी तोही इमानानं उचलला.
विजापुरात व्याह्यांच्या घरी चादरीवर बसले
तेव्हा बोट आपसूक तिथं गेलं.
होता.

आणि पैसे?
बशी खाली ठेवली.
'त्या वर्षी दोन माग विकले.
बनवणाऱ्याला पोट असतं, मी कसं नाही म्हणू?
पण मोल मोजून घेतलं त्याच्याच दारात
शिपाई कशाला बसवायचा?'

मी म्हटलं, नवा टीव्ही घ्या, हप्ते करून देतो.
हसले. वायर लडीसारखी गुंडाळली.
पेनड्राइव्ह नको म्हणाले,
मी विचारायच्या आधीच.

चकती मात्र विसरून गेले.
तिसऱ्या प्रहरी मेव्हणा आला,
उलटसुलट करून बघत म्हणाला,
चालत नाही का ही?

नाही, म्हटलं.
विकत घेतलेली आहे.