चीक

सावद्याच्या नाक्यावर वर्गीस
घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबतो;
बुडबुडे निघाले, तिथं अंगठा.

"हाही चीकच, भो,"
माझ्या सदऱ्यावरचे केळीचे डाग बघत म्हणतो.
"बाप पहाटे झाडाला चरा पाडायचा,
करवंटीत दूध."

नुसतं ते दूध उन्हात पाघळतं, थंडीत तडकतं.
गंधक मिळालं, आच लागली,
की ताणा कितीही, परत जागेवर.

ठिगळावर शेगडी आवळून
तो घड्याळ बघत नाही.
वास आला की सोडतो.

गाव सोडून एकोणीस वर्षं. बायको फैजपूरची.
दर नाताळाला तिकडे जातो,
आठवड्यात परत नाक्यावर.
यातली जागा कुठली आणि ताण कुठला,
मी विचारलं नाही.

डाग घेऊन निघालो.
रावेरपर्यंत हवा टिकली.