टेबल उसनं गेलंय

टेबल सोमवारीच गेलं देवळात.
सहा जणांनी उचललं, हातगाडीवर उलटं घातलं,
चारी पाय आभाळाकडे,
आणि घोरपडीच्या फाटकाशी अडकलं
मालगाडी जाईपर्यंत.
शद्रक सांगत होता, एकाने हळूच विचारलं,
कोण गेलं?

दुःखसहनाच्या नाटकात शेवटच्या भोजनाला
यंदा आमचंच टेबल.
रणभिसे मास्तरांनी तीन घरं पाहिली.
एकाकडे सनमायका, एकाकडे वरून काच.
आमचं सागवानी, पण आठ जणांचं,
आणि बसवायचेत तेरा.
मास्तर म्हणाले, दाटीवाटीने बसा,
जेवणावर लक्ष कुणाचं असणार आहे त्या रात्री?

म्हणून ईस्टरचं टेबल मी सजवतेय
जमिनीवर.
फरशीवर चार काळपट ठसे आहेत,
सत्तावीस वर्षं फडक्यातून निसटलेले.
त्यांच्या आत चादर अंथरलीय,
मापाने मांडून बघतेय:
पुलावाचं पातेलं, मटण, काकड्यांची कोशिंबीर,
मोगऱ्याची काचेची वाटी,
(मोगरा शनिवारी संध्याकाळी आणायचा,
एप्रिलच्या उन्हात एक दिवस धरत नाही)
आणि मधोमध अंड्यांची परडी.

अंडी आत्ता गॅसवर आहेत.
महिनाभराच्या कांद्याच्या साली एका पातेल्यात.
जेमिमा ओल्या अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवते,
बाबांच्या जुन्या मलमलीच्या सदऱ्याची चिंधी गच्च गुंडाळते,
दोऱ्याने बांधते, म्हणते,
प्रेताला गुंडाळतात ना, तसं.
आणि जीभ चावते.
गुरुवार आहे. आज असं बोलू नये.
किंवा आजच बोलावं. मला हे कधीच नीट कळलं नाही.
सोडल्यावर पान गळून पडतं.
पानाची जागा तेवढी पांढरी राहते,
बाकी अंडं विटेच्या रंगाचं.

घंगाळही तिकडेच आहे. पिलाताचं.
त्यात मी बिटाच्या पाण्यात अंडी भिजवली होती,
काल मास्तरांचा निरोप आला, घाईत तसंच दिलं.
तालमीत ओहोळकाकांनी हात धुतले,
वर केले, म्हणाले, माझा यात हात नाही,
तर दहाही बोटं गुलाबी.
शिपाई झालेली पोरं भाल्यांसकट लोळली.
मास्तर हसले नाहीत.
म्हणाले, घंगाळ घासू नका.

यहूदा व्हायला कुणी तयार नव्हतं.
मग तो जालन्याचा मुलगा सापडला,
फार्मसीला आहे, साळव्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहतो.
नवीन माणसाला नाही म्हणता येत नाही.
काल त्याच्याच कोपराने पेला कलंडला,
कोकमाचं सरबत टेबलात मुरलं.
रात्री माफी मागायला आला,
चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभा,
हातात नाण्यांची थैली तशीच,
बंद झालेले चार आणे, मोजून तीस.
काकू, डाग निघेल ना?
बघू, म्हटलं मी. आत ये म्हणायचं राहिलं.
जिन्यावरून उतरला तेव्हा कंपाउंडातली पोरं ओरडली,
ए यहूदा!
आणि त्याने ओ दिली.

टेबल शनिवारी रात्री परत येईल.
मी ठरवलं होतं, परडी डागावर ठेवायची,
पाहुण्यांना दिसणार नाही.
आत्ता चादरीवर बोट ठेवून जागा शोधली:
खिडकीकडून तिसरी.
परडी उचलली, भिंतीकडे सरकवली.
तिथे एक ताट मांडलं. मग पेला.
एका खुर्चीची सोय करावी लागेल,
नवव्या.

प्रत्येकाच्या अंड्यावर नाव लिहायची आमच्याकडे पद्धत आहे.
जेमिमा ब्रश बुडवून विचारते,
या ताटाचं काय नाव लिहू?

मी तोंड उघडते, आणि एकच नाव ओठांवर येतं.
ते नाही.

गॅस बारीक करते.
त्याचं अंडं अजून चिंधीत आहे,
पाचेक मिनिटं तरी उकळायला हवं.
तोवर आठवेल.